‘बिभा’ द्विनेत्रीतून दिसेल का, आणि दिसला तर पिवळसर-पांढरा दिसेल का?

प्रश्न साताऱ्यातल्या एका शाळेत खगोल मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांचा आहे. भारताने ज्याला नाव दिलं तो बिभा हा तारा त्यांना मुलांना दाखवायचा आहे. हाताशी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) आणि ७० मिमीची दुर्बीण आहे. तारा दिसेल का, कधी आणि कुठे शोधायचा, तो खरंच पिवळसर-पांढरा दिसतो का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय एका ठिकाणी त्याचा वर्ग (तापमानानुसार ताऱ्यांना दिलेली अक्षरं) एफ८ सापडतो तर दुसरीकडे जी१, अंतर कुठे ३०० प्रकाशवर्षं तर कुठे ३४०, यातलं खरं काय, हेही हवंय.

सर, तारा दिसेल. दुर्बिणीतून शहरातूनही दिसायला हरकत नाही. द्विनेत्रीतून पाहायचा असेल तर शहराच्या उजेडातून बाहेर पडावं लागेल. पिवळसर-पांढरा मात्र तो तुमच्या साधनांतून कोणालाच दिसणार नाही, आणि ही गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. आकाशदर्शनाला आलेला माणूस पुस्तकात वाचलेला रंग शोधत बसतो, तो सापडत नाही, मग समोरचा ठिपका बरोबर आहे की चूक या शंकेने नेत्रिका (दुर्बिणीचं डोळ्याला लावायचं भिंग) सोडून देतो. इतका मंद तारा रंगावरून ओळखायचाच नसतो. तो जागेवरून ओळखायचा.

आधी तारा कोणता ते पक्कं करू. बिभाचा जुना क्रमांक एचडी ८६०८१. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर यादी. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट भिंगाखाली तपासून त्यांचे वर्ग लावले, आणि ती यादी १९१८ ते १९२४ या काळात खंडाखंडाने छापली गेली. त्या यादीतला हा एक तारा, इतकीच त्याची ओळख २००६ पर्यंत होती. त्या वर्षी त्याच्याभोवती गुरूसारखा एक ग्रह सापडला. पुढे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने शतकपूर्तीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव देण्यासाठी दिला, तेव्हा भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. ताऱ्याला बिभा आणि ग्रहाला सन्तमस ही नावं मिळाली. ग्रहाचं नाव सुचवणारा पुण्यातला तेरा वर्षांचा शाळकरी विद्यार्थी होता. तुमच्या मंडळातल्या मुलांना ही माहिती बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

ताऱ्याचं नाव बिभा चौधुरी यांच्यावरून आहे. जन्म १९१३, कोलकाता. देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी उंच डोंगरांवर फोटोग्राफिक प्लेट ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले, आणि त्यांतून इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोनशे पट जड कणांच्या खुणा शोधल्या. चांगल्या प्रतीच्या प्लेट युद्धकाळात मिळाल्या नाहीत, काम तिथेच अडलं, आणि तशाच पद्धतीने पुढे पायॉन हा कण शोधणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्यावर होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. त्यांच्या हयातीत त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

ओघात एक सांगतो. पैसे भरून ‘तुमच्या नावाचा तारा’ देणारी प्रमाणपत्रं बाजारात मिळतात, आणि पालक ती घेऊन आमच्याकडे तारा बघायला येतात. त्या नावांना खगोलशास्त्रात काहीही किंमत नाही. बिभाचं नाव मात्र अधिकृत यादीत आहे. शिवाय ते देताना एक अट पाळली होती: त्या त्या देशाला दिलेला तारा तिथून दिसणारा आणि छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यातला असावा. म्हणजे तुम्ही करू पाहताय ते या योजनेत धरलेलंच होतं.

आता दृश्यमानता. बिभाची दृश्यप्रत ८.७३ आहे. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अगदी काळोख्या आकाशात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात अडीचपट फरक, त्यामुळे बिभा त्या मर्यादेच्याही साधारण बारापट खाली आहे. सिंह राशीतल्या मघा ताऱ्याशी तुलना केली तर जवळजवळ नऊशेपट मंद. नुसत्या डोळ्यांनी तो लडाखमधल्या हानलेच्या काळोख्या आकाशातूनही दिसायचा नाही.

द्विनेत्रीने काय मिळतं पाहा. अंधाराला सरावलेल्या मुलाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. ५० मिमीच्या भिंगाचं क्षेत्रफळ तिच्या पन्नासपट, म्हणजे सुमारे सव्वाचार प्रतींची कमाई. सहात सव्वाचार मिळवले की सव्वादहा होतात. हा कागदावरचा हिशेब. हातात धरलेली द्विनेत्री थरथरते, काचेत थोडा प्रकाश जातो, म्हणून अर्धी-पाऊण प्रत वजा करा. तरी काळोख्या जागेवरून बिभा आरामात पकडीत येतो. शहरात जिथे चौथ्या प्रतीपुढचं काही दिसत नाही, तिथे मात्र हाच हिशेब सव्वाआठावर संपतो आणि बिभा अगदी थोडक्यात निसटतो. द्विनेत्री तिपाईवर बसवली तर शहराच्या कडेवरून कदाचित मिळेलही, पण तीस मुलांना ‘कदाचित’ दाखवता येत नाही.

७० मिमीच्या दुर्बिणीचं तसं नाही. तिचा फायदा निव्वळ मोठ्या भिंगाचा नाही. ४० ते ६० पट वर्धनाची नेत्रिका लावली की आकाशाची पार्श्वभूमी पसरून काळी होते, तारा मात्र बिंदूच राहतो, त्यामुळे उजळ आकाशातही तो उठून दिसतो. नवखे लोक नेमकं उलटं करतात. मंद तारा म्हणून कमीत कमी वर्धन लावतात आणि राखाडी दृश्यात काहीच न दिसल्यामुळे दुर्बिणीला नावं ठेवतात. कमी वर्धनाने जागा शोधा आणि जागा सापडली की वर्धन वाढवा. रस्त्यावरचा एलईडी दिवा थेट डोळ्यात येत असेल तर डोक्यावरून काळी ओढणी किंवा जाड पंचा घेतला तरी अर्ध्या प्रतीचा फरक पडतो, आणि मुलांना त्यात मजाही वाटते.

आता रंगाचा प्रश्न, ज्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

बिभाच्या पृष्ठभागाचं तापमान ६००० केल्व्हिनच्या आसपास आहे. सूर्याचं ५७७२. म्हणजे बिभा सूर्याहून किंचित तापलेला, पण रंगाच्या दृष्टीने दोघांत फरक करावा असं फार काही नाही. या तापमानाच्या वस्तूचा प्रकाश सगळ्यात जास्त ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्या भागात असतो. तरी तारा हिरवा दिसत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचे रंगही जवळजवळ तितक्याच प्रमाणात येतात आणि डोळ्याच्या हिशेबात त्यांची बेरीज पांढरी होते. ‘पिवळसर-पांढरा’ हे एफ वर्गाचं ठरलेलं बिरूद आहे, जसं जी वर्गाला ‘पिवळा’ म्हणायचं ठरलंय. हे शब्द अभिजित ताऱ्याला शुभ्र धरून त्याच्या तुलनेत लावलेले आहेत. माणसाच्या डोळ्याला वातावरणाबाहेरून सूर्यसुद्धा पांढराच दिसतो.

शिवाय आपल्या डोळ्याची अडचण आहेच. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाशात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. छोट्या दुर्बिणीतून पाहिलेला ८.७ प्रतीचा तारा शंकुपेशींना चेतवायला पुरत नाही, म्हणून तो राखाडी-पांढरा ठिपकाच दिसतो. लाल तारे तेवढे अपवाद. खूप गडद रंगाचे कार्बन तारे मंद असूनही तांबूस वाटतात. पण पिवळसर छटा पांढऱ्याच्या इतकी जवळ आहे की ती सगळ्यात आधी हरवते. एखाद्या मुलाने ‘सर, मला पिवळा दिसतोय’ म्हटलं, तर त्याला खोडून काढू नका, पण वहीत ते निरीक्षण म्हणून लिहूही देऊ नका. दुर्बिणीचं साधं भिंग रंगीत कडा तयार करतं, फोकस थोडा हलला की त्या बदलतात, आणि वाचलेलं डोळ्यात उतरतं ते वेगळंच.

रंग दाखवायचेच असतील तर त्याच रात्री, त्याच आकाशात उत्तम नमुने आहेत. प्रश्वा हा एफ५ वर्गाचा तारा शून्याजवळच्या प्रतीचा, म्हणजे डोळ्याला रंग कळावा इतका ठळक आहे. तो आधी दाखवा, मग व्याध दाखवा. व्याध क्षितिजाजवळ लुकलुकत नसेल तर तो निळसर-पांढरा आणि प्रश्वा त्यामानाने साईच्या रंगाचा वाटतो. त्यानंतर ब्रह्महृदय, जी वर्गाचा. आणि शेवटी वासुकीतला अल्फार्ड, जो के वर्गाचा आणि चक्क नारिंगी आहे. या चार ताऱ्यांत वर्णपटाची बरीचशी उतरंड मुलांच्या नजरेखालून जाते, आणि बिभा या उतरंडीत प्रश्वा आणि ब्रह्महृदय यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, एवढं सांगितलं की पुरे. तारा डोळ्याला दिसला आणि रंग समजुतीने कळला, यात फसवणूक काही नाही.

एफ८ की जी१ हा वाद दिसतो तेवढा मोठा नाही. वर्गाची पायरी एफ८, एफ९, जी०, जी१ अशी जाते. म्हणजे दोन्ही नोंदींत फरक तीन पायऱ्यांचा, आणि तोही दोन अक्षरांच्या सीमेवर असल्यामुळे डोळ्यांत भरतो. वर्ग लावणारे वर्णपटातल्या रेषांची जाडी प्रमाण ताऱ्यांशी ताडून पाहतात. बिभात जड मूलद्रव्यं सूर्यापेक्षा जास्त आहेत, लोहाचं प्रमाण पावणेदोनपटीच्या आसपास. धातूंच्या रेषा अशा ताऱ्यात ठसठशीत उमटतात आणि तारा प्रत्यक्षापेक्षा थोडा थंड भासू शकतो. मी मुलांपुढे अक्षराऐवजी तापमान ठेवेन: सहा हजार केल्व्हिन, सूर्याचा किंचित गरम भाऊबंद. दोन संकेतस्थळांवर दोन अक्षरं आहेत म्हणून एक चूक असलंच पाहिजे असं नसतं.

अंतराचं मात्र खरंच नवं-जुनं आहे. ३०० च्या आसपासचे आकडे हिपार्कस उपग्रहाच्या मोजणीवर आधारलेले आहेत. त्यानंतर गाया यानाने पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकल्यासारखी दिसते ते) कितीतरी जास्त बारकाईने मोजले आणि बिभा सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर गेला. तुम्ही ३४० च वापरा. अंतर बदललं की त्यावर उभे असलेले बाकीचे आकडेही हलतात. प्रत तीच, पण तारा जास्त लांब, म्हणजे तो मुळात जास्त तेजस्वी असला पाहिजे, आणि तापमान तेवढंच असताना जास्त तेजस्वी म्हणजे आकाराने मोठा. म्हणून जुन्या तक्त्यांत त्याची त्रिज्या सूर्याच्या सव्वापट सापडते, तर ३४० प्रकाशवर्षं धरून हिशेब केला की ती दीडपटीच्या पुढे जाते. वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२ पट. दहावीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. ३४० प्रकाशवर्षं म्हणजे १०४ पार्सेक. सूर्य उचलून तिथे ठेवला तर त्याची प्रत ९.९ भरेल. बिभा ८.७. फरक १.२ प्रतींचा, म्हणजे बिभा सूर्याच्या तिप्पट उजेड देतो. तिथल्या कोणी आपल्याकडे पाहिलं तर आपला सूर्य त्यांच्या द्विनेत्रीतून जेमतेम दिसेल किंवा दिसणारही नाही.

आज डोळ्यात शिरणारा बिभाचा प्रकाश साधारण १६८५ च्या आगेमागे निघालेला आहे. रायगडावर तेव्हा संभाजी महाराज होते. साताऱ्याच्या मुलांना एवढं सांगितलं की ३४० प्रकाशवर्षं समजावायला वेगळं काही लागत नाही.

ग्रहाबद्दल थोडक्यात. सन्तमस तुम्हाला दिसणार नाही, आणि मोठ्यात मोठ्या दुर्बिणीनेही त्याचा फोटो काढलेला नाही. तो ताऱ्यापासून फक्त ०.०३५ खगोलीय एककांवर, म्हणजे ५० लाख किमीच्या थोडा पुढे फिरतो. बुध सूर्यापासून याच्या अकरापट दूर आहे. त्याचं वर्ष २.१४ दिवसांचं. वस्तुमान किमान दीड गुरूइतकं. ‘किमान’ हा शब्द गाळू नका, कारण त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे हे ठाऊक असल्याशिवाय नेमकं वस्तुमान काढता येत नाही. हवाईतल्या केक दुर्बिणीने बिभाच्या वर्णपटातल्या रेषा पुढे-मागे सरकताना टिपल्या, त्यातून तो सापडला. ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर या वेगाने आपल्याकडे येतो आणि तितक्याच वेगाने दूर जातो. प्रवासी विमानाच्या वेगाहून जरा कमीच. ही शोधमोहीम मुद्दाम धातुसमृद्ध तारे निवडून चालवली होती, कारण अशा ताऱ्यांभोवती वायूचे मोठे ग्रह जास्त सापडतात. वर लोहाचं प्रमाण सांगितलं ते यासाठीही महत्त्वाचं. हा ग्रह ताऱ्यासमोरून जाऊन त्याचा उजेड कमी करताना आढळलेला नाही, त्यामुळे ‘अधिक्रमण पाहू’ असा बेत कोणी मांडला तर त्याला वेळीच थांबवा.

आता जागा. बिभा सेक्स्टन्स या तारकासमूहात आहे. वर सिंह, खाली वासुकी, आणि मध्ये हा ओसाड तुकडा. यात चौथ्या प्रतीपेक्षा ठळक एकही तारा नाही. पोलंडच्या हेव्हेलियसने वेधशाळेला लागलेल्या आगीत गमावलेल्या आपल्या सेक्स्टंट या कोनमापक यंत्राच्या आठवणीत हा समूह नकाशावर मांडला, तोही १६८० च्याच दशकात. नाहीतर इथे समूह कल्पावा असं आकाशात काही नाही.

बिभाचे विषुवांश ९ तास ५६ मिनिटं, क्रांती उणे ३ अंश ४८ कला; हे म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश. स्वयंचलित दुर्बीण असेल तर हे दोन आकडे पुरतात. तुमच्याकडे ती नाही असं धरून वाट सांगतो.

मघापासून सुरुवात करा. सिंहाच्या मानेचा विळा शोधला की त्याच्या मुठीशी मघा. तिथून सरळ दक्षिणेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त, सव्वाबारा अंश खाली उतरा. मघाचे आणि अल्फा सेक्स्टन्टिस या ताऱ्याचे विषुवांश जवळपास एकच आहेत, त्यामुळे वाट वाकडी होत नाही. अल्फा साडेचार प्रतीचा. शहरातून डोळ्याला दिसणार नाही, द्विनेत्रीत मात्र त्या ओसाडीतला सगळ्यात ठळक म्हणून लगेच कळतो. हा झाला पहिला खुंटा.

दुसरा खुंटा अल्फार्डकडून गाठा. अल्फार्ड दुसऱ्या प्रतीचा, एकटा, नारिंगी, चुकायला जागा नाही. तो द्विनेत्रीच्या दृश्याच्या पश्चिम कडेला ठेवला की पूर्वेकडे सहा अंशांवर, जवळजवळ त्याच पातळीत, गॅमा सेक्स्टन्टिस हा पाचव्या प्रतीचा तारा समोरच्या कडेपाशी येतो.

अल्फा आणि गॅमा यांच्यात साडेआठ अंशांचं अंतर आहे. त्यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरा आणि तिथून पश्चिमेकडे साधारण एक अंश सरका. बिभा तिथे आहे. दोन्ही खुंट्यांपासून त्याचं अंतर जवळजवळ सारखं, साडेचार अंशांच्या घरात. ही समान अंतरं म्हणजे तुमची पहिली पडताळणी.

एवढ्यावर ‘हाच’ असं म्हणू नका, कारण द्विनेत्रीच्या एका दृश्यात या तेजाचे डझनांनी तारे असतात. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एचडी ८६०८१ शोधा, दहाव्या प्रतीपर्यंतचे तारे चालू ठेवा, बाकीची नावं आणि रंग बंद करा, आणि दोन अंशांच्या चौकटीचा नकाशा पांढऱ्या कागदावर काळे ठिपके असा छापून घ्या. दुर्बिणीला मागून काटकोनी आरसा लावलेला असेल तर दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा नकाशाही तसाच उलटा छापा. निम्मा गोंधळ याच एका कारणाने होतो. मग नकाशात बिभाभोवतीच्या तीन-चार ताऱ्यांचा आकार पाठ करा आणि तोच आकार नेत्रिकेत शोधा. मुलांकडून आधी आकाराचं चित्र काढून घ्या आणि मग नकाशा दाखवा. ज्याचं चित्र जुळलं त्याने तारा पाहिला.

मंद तारा थेट बघण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवून बघितला तर चांगला दिसतो, कारण दंडपेशी दृष्टीच्या मध्यभागी नसून कडेला दाट असतात. मुलांना हे तंत्र पहिल्या मिनिटाला जमत नाही. त्यांना वेळ द्या, रांगेत ढकलू नका. वीस मिनिटं अंधारात थांबल्याशिवाय कोणालाही नेत्रिकेला डोळा लावू देऊ नका, आणि मोबाइल खिशात.

काळ कोणता? सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बिभाजवळ असतो, म्हणजे जुलै ते सप्टेंबर तो मिळतच नाही. आपल्याकडे तेव्हा ढगच असतात, त्यामुळे नुकसान शून्य. फेब्रुवारीच्या मध्याला साताऱ्याहून तो मध्यरात्रीनंतर पाऊण-एकच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे सगळ्यात उंच येतो, एप्रिलच्या मध्याला रात्री नऊला. तेव्हा त्याची उंची ६८ अंशांच्या वर असते, म्हणजे डोक्यापासून फार खाली नाही. वातावरणाचा थर तिथे पातळ, आणि क्षितिजाजवळची धूळ आणि उजेडही आड येत नाही. नागपूरहून तीन-साडेतीन अंश खाली, लेहहून ५२ अंशांवर; भारतातल्या कुठल्याही ठिकाणाहून तो नीट दिसतो.

चांदणं टाळायचं तर आपलं पंचांगच सोपं पडतं. महाशिवरात्रीची रात्र जवळजवळ चंद्रहीन असते, आणि त्या दिवसांत साडेनऊ-दहाला बिभा पूर्वेकडे पुरेसा वर आलेला असतो. त्याहून सोयीचे गुढीपाडव्याच्या आधीचे चार-पाच दिवस. तेव्हा तो सव्वानऊ ते अकराच्या दरम्यान सगळ्यात उंच येतो. शाळेच्या परीक्षांचं तेवढं तुम्ही बघा. एप्रिल सरत आला की संध्याकाळची धुरकट हवा त्रास देते, आणि वळवाचे ढग केव्हा येतील सांगता येत नाही.

जागेसाठी तुम्हाला दूर जायला नको. कासच्या बाजूला शहराचा उजेड मागे राहिला की द्विनेत्रीला पुरेल इतकं आकाश मिळतं. विदर्भातल्या शाळांनी पेंचचा विचार करावा. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली आहे, देशातलं असं पहिलंच. मुंबईकरांसाठी वांगणीची जुनी वाट आहेच. पुण्याच्या लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करावी. १९४४ पासून ते हेच काम करत आलेत.

शहरातूनच करायचं ठरलं आणि कोणाकडे साधा डीएसएलआर असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवा, ५० मिमीचं भिंग पूर्ण उघडा, आणि पाच-सहा सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचा. बिभा खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तारा झपाट्याने सरकतो, म्हणून याहून जास्त वेळ झडप उघडी ठेवली की ठिपक्याची रेघ होते. पण एवढ्यातही नवव्या प्रतीपर्यंतचे तारे उमटतात. फोटोत त्याचा रंग दिसला तर तो कॅमेऱ्याच्या रंगसंतुलनावर बराच अवलंबून असतो, हे लक्षात असू द्या. प्रश्वाचा फोटो त्याच सेटिंगवर काढून शेजारी ठेवला तर निदान तुलना प्रामाणिक होईल.

एवढं करून रात्र उरली आणि कोणाकडे सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण असेल, तर गॅमा सेक्स्टन्टिसपासून पूर्वेला तीन अंशांवर एनजीसी ३११५ बघा. चातीच्या आकाराची दीर्घिका, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवर. तिची एकूण प्रत बिभाच्या जवळपासच आहे, पण प्रकाश पसरलेला असल्यामुळे ती शहरातून निसटते आणि बिभा निसटत नाही. सारखी प्रत असूनही असं का होतं, हा प्रश्न मुलांना तिथेच, दुर्बिणीपाशी विचारा. ७० मिमीतून काळोख्या जागेवरून तिचा लांबट डाग दिसू शकतो, तेव्हा ती तुमच्या यादीतही ठेवायला हरकत नाही. द्विनेत्रीसाठी तिपाईचा अडॅप्टर मात्र जाण्यापूर्वी घ्या. तीस मुलांच्या हातून हातात फिरणारी द्विनेत्री बिभावर एकदाही स्थिर राहत नाही.